चौकोनांची वंशावळ

बारावीचा निकाल लागला की भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीच्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. पालांदूर, पोहरा, मुरमाडीकडून बाप-लेक येतात. बापाच्या डोक्यात धानाचे पऱ्हे कधी टाकायचे याचा हिशेब चाललेला असतो, लेकीच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जुने कागद असतात. जातपडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आणि तो पुरावा ज्याच्या नावचा आहे तो माणूस आपला कोण, हे दाखवायला वंशावळ लागते. संगणकापुढचा पोरगा मान न वळवता विचारतो, "काकाजी, आज्याच्या बापाचं नाव सांगा." काकाजी सांगतात. पोरगा आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडतो, त्या घराण्याची नावं पुसून या घराण्याची भरतो, एक चौकोन कमी करतो, दोन वाढवतो. पाच मिनिटांत चार पिढ्या कागदावर उतरतात. कधी घाईत जुन्या घराण्यातला एखादा आजा चौकोनात तसाच राहून जातो आणि नकळत नव्या घराण्यात दत्तक जातो. मग पडताळणीच्या वेळी बापाची बोलती बंद होते.

वंशावळ ही वस्तू आपल्याकडे जुनी आहे. तयार चौकोन, त्यांना आपोआप जोडणाऱ्या रेघा आणि नाव टाइप केलं की स्वतःहून सरकून जागा करून देणारा साचा मात्र नवा. तो लाखनीत येईपर्यंत दीडशे वर्षं गेली. त्याची वाट अमेरिकेतल्या एका रेल्वेमार्गावरून, मुंबईतल्या कुलाब्यावरून आणि सिॲटलमधल्या एका छोट्या कंपनीतून जाते. त्या वाटेवर आपल्या घरातली काही माणसं गळाली, म्हणून ती तपासून पाहण्यासारखी आहे.

आधी इथलंच. वंशावळीला जुना शब्द कुर्सीनामा. वतनाचा, गादीचा, जमिनीचा तंटा उभा राहिला की कुर्सीनामा पुढे यायचा. मूळपुरुष वर, त्याच्याखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. या कागदाची ताकद किती, हे भंडाऱ्याला सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता, हयातीत दत्तकही घेतलेला नव्हता. राण्यांनी मागाहून यशवंतराव या मुलाला दत्तक घेतलं, पण लॉर्ड डलहौसीने त्या नावापर्यंत रेघ ओढायला नकार दिला. वंशावळीच्या तळाशी जागा रिकामी राहिली आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. त्याबरोबर वैनगंगेकाठचा हा सगळा मुलूख, म्हणजे आजचा भंडारा जिल्हाही, कंपनीकडे गेला. एका आकृतीत एक रेघ धरायची की नाही, याचा निकाल कलकत्त्यात बसलेल्या माणसाने दिला. आकृती जो तपासतो, तोच तिचा अर्थ लावतो. ही गोष्ट पुढेही सुटलेली नाही.

रघूजी वारले त्याच वर्षी, १६ एप्रिलला, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली होती. जगभर रेल्वे पसरत होती आणि तिच्यामुळे एक वेगळीच अडचण उभी राहिली होती. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड इरी या रेल्वेमार्गाची लांबी ५०० मैलांच्या आसपास होती. तिथला जनरल सुपरिंटेंडंट डॅनियल मॅकॅलम याने ही अडचण नेमकी ओळखली: ५० मैलांच्या मार्गावर अधिकारी स्वतः फिरून नजर ठेवू शकतो, माणसं नावाने ओळखू शकतो, ५०० मैलांवर ते जमत नाही. म्हणून १८५५ मध्ये त्याने एक तक्ता काढवून घेतला. कोणता कामगार कोणत्या फोरमनच्या हाताखाली, तो फोरमन कोणाच्या, आणि तो पुढे कोणाला जाब देणार, हे सगळं एका कागदावर. संस्थेच्या रचनेचा जगातला पहिला तक्ता म्हणून आज त्याचं नाव घेतात. जॉर्ज हेन्शॉ या ड्राफ्ट्समनने तो रेखाटला. त्यात चौकोन नाहीत. ते चक्क झाड आहे. संचालक मंडळ मुळाशी, म्हणजे कागदाच्या तळाला. तिथून फांद्या वर आणि बाजूला पसरतात, शेवटच्या डहाळीवर गाडी चालवणारे, रूळ बघणारे. साहेब खाली आणि कामगार वर! पुढच्या काळात हे झाड उलटं झालं, साहेब वर चढला, फांद्यांच्या सरळ रेघा झाल्या आणि पानांचे चौकोन. सरळ रेघ छापायला सोपी, हे एक कारण असेल. साहेबाला आपलं नाव तळाला बघायला आवडत नसावं, हे माझं मत.

याच सुमाराला भंडाऱ्यातही चौकटी भरल्या जाऊ लागल्या होत्या, फक्त त्या नोंदवहीच्या होत्या. इंग्रजी अमलात बंदोबस्त झाला, मालगुजार जमिनीचे मालक ठरले, आणि गावोगाव पटवाऱ्याच्या बस्त्यात नकाशा, खसरा, जमाबंदी जमू लागली. विदर्भात तलाठ्याला लोक अजून पटवारीच म्हणतात, तो या काळाचा अवशेष. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम लागू झाला. गावच्या महसुली दप्तराला एक ते एकवीस असे क्रमांकाचे नमुने आहेत. त्यातला सातवा आणि बारावा एकत्र केला की 'सातबारा'. आपल्या भाषेतल्या एका अत्यंत भावनिक शब्दाचा अर्थ निव्वळ दोन छापील साच्यांचे क्रमांक आहे! शेतकरी सातबाऱ्यासाठी जीव टाकतो तेव्हा तो खरं तर रकान्यातल्या आपल्या नावासाठी जीव टाकत असतो. साचा आणि हक्क यांचं नातं इतकं जुनं आणि इतकं घट्ट आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला तरी संगणकाने रकाने कागदाचेच ठेवले.

साच्याच्या गोष्टीतला पुढचा टप्पा कामगारांच्या हातांकडे बघणाऱ्यांचा. फ्रँक गिलब्रेथ हा अमेरिकन माणूस गवंडीकामातून वर आला. वीट लावताना गवंडी अठरा हालचाली करतो, त्या पाचांवर आणता येतात, असं त्याने दाखवलं. त्याची बायको लिलियन मानसशास्त्र शिकलेली. दोघांनी मिळून १९२१ मध्ये अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाचा ओघ चित्रात मांडण्याची पद्धत ठेवली. काम करणं, माल हलवणं, तपासणं, साठवणं, प्रत्येकाला एक ठरलेली खूण. मॅकॅलमच्या तक्त्यात माणसं होती. आता कृती आल्या आणि त्यांच्यामधल्या रेघेला दिशा आली. आज ज्याला फ्लोचार्ट म्हणतात त्याचा हा आजा.

मग संगणक आला. १९४७ मध्ये हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी यंत्राला काम कसं सांगायचं हे लिहिताना अशाच ओघाच्या आकृत्या वापरल्या. यंत्रं वाढली, ती चालवणारी माणसं वाढली, आणि प्रत्येक जण आपापल्या मनाने खुणा काढू लागला तर एकाचं काम दुसऱ्याला कळेना. यातून खुणा ठरल्या: सुरुवात आणि शेवट गोलसर कडांच्या कॅप्सूलमध्ये, कृती आयतात, निर्णय शंकरपाळ्यात. शंकरपाळ्याला दोन वाटा, एक 'हो'ची, एक 'नाही'ची. या खुणा हाताने सारख्या निघाव्यात म्हणून आयबीएमसारख्या कंपन्यांनी १९६० च्या दशकात पारदर्शक प्लास्टिकची पट्टी दिली. तिच्यात हे आकार कोरलेले असत. पट्टी कागदावर ठेवायची, भोकातून पेन्सिल फिरवायची, आकार तयार.

आपल्याकडच्या बायांना यात नवल वाटलं नसतं. आठवडी बाजारात रांगोळीचे छाप विकायला असतात. भोकं पाडलेला पत्रा किंवा नळी, रांगोळी भरून फिरवली की वेलबुट्टी उमटते. ज्यांना हाताने जमतं त्या मात्र आधी ठिपके काढतात. ठिपके नीट पडले की रेघ चुकत नाही. आकृतीच्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर ही ठिपक्यांची जाळी असते आणि चौकोन ओढत नेला की तो जवळच्या ठिपक्याला जाऊन चिकटतो. ठिपका आणि छाप या दोन्ही युक्त्या आपल्या अंगणात होत्या. फरक इतकाच, की अंगणातली रांगोळी दुसऱ्या दिवशी सड्याबरोबर धुऊन जाते आणि तिच्यावरून कोणाचा हक्क ठरत नाही.

प्लास्टिकच्या पट्ट्या निघत होत्या त्याच दशकात मुंबईतही पडद्यावर रेघा उमटत होत्या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तरुण संशोधकांच्या गटाने देशी संगणक उभारला. तो १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. त्याची स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या साध्या मोबाइलपुढेही धुळीचा कण. पण त्याला कॅथोड किरणांची नळी जोडलेली होती आणि तिच्यावर अक्षरांबरोबर आलेखही दिसत. त्या गटाचे म्होरके आर. नरसिंहन पुढे अमेरिकेत इलिनॉयला गेले आणि तिथे त्यांच्या डोक्यात एक विलक्षण कल्पना शिरली: भाषेला व्याकरण असतं तसं चित्रालाही असू शकतं. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला कसा जोडता येतो, याचे नियम लिहिले तर यंत्राला चित्र 'वाचता' येईल. चित्रांच्या वर्गांचा असा व्याकरणाने अर्थ लावण्यावरचा त्यांचा निबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर ते मुंबईला परतले होते. आकृती म्हणजे नियमाने जोडलेले तुकडे, हा आजच्या प्रत्येक तयार साच्याच्या पोटातला विचार. तो मांडणाऱ्या पहिल्या काही माणसांत कुलाब्याच्या संस्थेतला एक माणूस होता, हे आपल्या शालेय पुस्तकांत यायला हरकत नव्हती.

त्याच सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या इव्हान सदरलँड या विद्यार्थ्याने १९६३ मध्ये आपला 'स्केचपॅड' हा प्रबंध दिला. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ काढायची, आणि यंत्राने ती सरळ करायची, समांतर ठेवायची, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. सदरलँडने एक मूळ आकार आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती, अशी सोय केली. मूळ आकारात बदल केला की सगळ्या प्रती आपोआप बदलतात. प्लास्टिकच्या पट्टीतून काढलेला शंकरपाळा एकदा निघाला की पट्टीशी त्याचा संबंध संपतो. स्केचपॅडमध्ये साचा आणि छाप यांची नाळ तुटत नव्हती. साच्याला सत्ता मिळाली ती इथे.

पुढची वीस-पंचवीस वर्षं हे सगळं महागड्या यंत्रांवर अडकून पडलं. टेबलावरचा संगणक आला तेव्हा वाट मोकळी झाली, आणि ती मोकळी करणारे बहुतेक जण प्रकाशनाच्या किंवा दुकानदारीच्या बाजूचे होते. १९८७ मध्ये रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचं 'पॉवरपॉइंट' बाजारात आलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना घेतली. सिॲटलमध्ये जेरेमी जेक आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये काढलेल्या कंपनीने १९९२ मध्ये 'व्हिजिओ' आणलं. व्हिजिओच्या पडद्याच्या डाव्या बाजूला हिरव्या पट्टीवर आकार मांडलेले असत, जुन्या प्लास्टिकच्या पट्टीची आठवण व्हावी असे. तिथून आकार उचलायचा, पानावर टाकायचा. दोन आकार जोडले की रेघ त्यांना धरून राहते. चौकोन हलवा, रेघ मागोमाग येते. ज्याने कधी खोडरबराने सगळा फ्लोचार्ट पुसून पुन्हा काढलाय त्यालाच या सुखाची किंमत कळेल. २००० साल उजाडता उजाडता मायक्रोसॉफ्टने ही कंपनीही घेतली, या वेळी शंभर कोटी डॉलरहून जास्त मोजून. काही वर्षांपूर्वी ज्याला खेळणं म्हटलं असतं त्या चौकोन-बाणांना कचेऱ्यांच्या जगात एवढं मोल आलं होतं.

आपल्या गोष्टीला सगळ्यांत जवळचा माणूस मात्र तिसराच आहे. केनेथ हेस याच्या 'बॅनर ब्लू' या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीने संस्थांचे तक्ते काढायचं सॉफ्टवेअर विकलं. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये जो संस्था-तक्ता काढता येई तो याच कंपनीचा. आणि याच कंपनीने १९८९ मध्ये 'फॅमिली ट्री मेकर' हे घराण्याची वंशावळ काढण्याचं सॉफ्टवेअर आणलं. साहेब-कारकून आणि बाप-लेक, दोन्ही नात्यांना एकाच घरातून साचा मिळाला. फरक एकच, पण मोठा. वंशावळीच्या साच्यात प्रत्येक माणसाच्या डोक्यावर दोन रेघा जातात, एक आईकडे, एक बापाकडे. संस्थेच्या तक्त्यात एकच जाते, साहेबाकडे. लाखनीत पोचला तो हा दुसरा साचा.

तो पोचण्याआधी मराठीचा अडथळा पार व्हायचा होता. सुरुवातीला चौकोनात मराठी लिहायचं म्हणजे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे खास फॉन्ट लागत. आपल्या संगणकावर 'वैनगंगा' लिहिलेली फाइल नागपूरला नेऊन दुसऱ्या संगणकावर उघडली की चौकोनात भलतीच चिन्हं. रफाराच्या, वेलांटीच्या डोक्यावर चौकोनाची कड बसायची, ती तर वेगळीच तऱ्हा. रोमन अक्षराच्या उंचीवर बेतलेल्या डब्यात देवनागरीला कायम वाकून बसावं लागे. युनिकोडने यातला पहिला त्रास संपवला. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घडवला तो र. कृ. जोशी यांनी. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलेले शिक्षक, आणि नंतर मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांसाठी झटलेले. हे केंद्र टाटा संस्थेतल्याच एका विभागातून १९८५ मध्ये उभं राहिलं होतं. म्हणजे टिफ्रॅकच्या घरातून निघालेली एक वाट सरकारी कागदांच्या अक्षरांपर्यंत येते. सौंदर्याच्या बाबतीत मंगलला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. पण सेवा केंद्रातल्या वंशावळीतलं नाव मंत्रालयातल्या संगणकावरही तेच दिसतं, हा उपकार छोटा नाही.

दुसरा धक्का शिक्षणाने दिला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि पाठोपाठ एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला. सरकारी नोकरीसाठी अशा प्रमाणपत्राची अट आली तशी तालुक्या-तालुक्यात, मोठ्या खेड्यांत वर्ग निघाले. पत्र्याच्या किंवा भाड्याच्या खोलीत आठ-दहा संगणक, चपला बाहेर, आणि भारनियमनाच्या वेळी इन्व्हर्टरची घरघर. पुढे या अभ्यासक्रमातून गेलेल्यांची संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली. महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या एका अख्ख्या पिढीने तक्ता, आलेख, पायऱ्यांची आकृती हे शब्द पहिल्यांदा हाताने केले ते इथे.

२००७ च्या ऑफिसमध्ये 'स्मार्टआर्ट' आलं आणि काढण्याचा प्रश्नच उरला नाही. सात प्रकारचे साचे: यादी, प्रक्रिया, चक्र, उतरंड, संबंध, सारणी, पिरॅमिड. एक निवडायचा. बाजूला एक छोटी चौकट उघडते, तिच्यात नुसती नावं लिहायची. टॅबची कळ दाबली की नाव एक पायरी खाली जातं, आकृती स्वतःला सावरून घेते. सेवा केंद्रातला पोरगा जे करतो ते हेच. 'उतरंड' निवडायची, पणजा लिहायचा, टॅब, आजा, टॅब, बाप, टॅब, अर्जदार. मला त्याच्या वेगाचं कौतुक आहे. आणि तरी तो वेग बघताना मॅकॅलमची रेल्वे आठवल्याशिवाय राहत नाही, कारण हा उतरंडीचा साचा घराण्यासाठी घडलेलाच नव्हता. तो साहेब आणि हाताखालची माणसं यांच्यासाठी घडला. त्यात प्रत्येक चौकोनाला डोक्यावर एकच रेघ. आईला जागा नाही. आजीचं नाव हवं तर आजोबाच्याच चौकोनात, आडवी रेघ मारून कोंबायचं. दोन बायकांची लेकरं वेगळी दाखवायची सोय नाही. दत्तकाची रेघ तुटक काढावी तर साचा ती स्वतःहून देत नाही, हाताने करावी लागते. भोसल्यांच्या गादीचं सगळं भांडण या एका तुटक रेघेचं होतं. उलट साहेबाचा 'असिस्टंट' दाखवायला मात्र खास बाजूचा चौकोन आहे!

साच्याने विचार वाकतो, ही तक्रार फक्त माझी नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना जळून विखुरलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. उड्डाणावेळी फोमचा तुकडा डाव्या पंखाला लागला होता, आणि यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या धोक्याचा आढावा पॉवरपॉइंटच्या पानांवर मांडला होता. मोठ्या अक्षरातला मथळा धीर देणारा होता. खरी बातमी मुद्द्याच्या पोटमुद्द्याच्या पोटमुद्द्यात, तळाला, बारीक अक्षरात होती: चाचण्या ३ घन इंचाच्या तुकड्यांवर झाल्या होत्या आणि यानाला लागलेल्या तुकड्याचा अंदाज १,९२० घन इंचांचा होता. ६४० पट! आलेखशास्त्राचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या एका पानाची चिरफाड केली आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात तिची दखल घेतली. सगळं खापर पॉवरपॉइंटवर फोडणं अन्यायाचं होईल; मंडळाने नासाच्या कारभाराला आणि घाईलाही तितकंच दोषी धरलं. तरी पायऱ्यांच्या साच्यात खालच्या पायरीवर गेलेली गोष्ट कमी महत्त्वाची वाटते, हे त्या पानाने दाखवून दिलं. लाखनीतल्या वंशावळीत कोणाचा जीव जात नाही. पण पायरीच न मिळालेली माणसं तिच्यातही आहेत.

ती म्हणजे लेकी. सेवा केंद्रात निघणाऱ्या वंशावळीत आत्या क्वचित दिसते. पुरावा वडिलांकडचा लागतो, रेघ बापाकडून बापाकडे जाते, आणि टॅबवर बोट ठेवलेल्या पोराला काकाजीही सांगतात, "पोरींचं कशाले लिहितं, लिव्ह तीन भाऊ." गंमत अशी की जमिनीचा कायदा या बाबतीत कधीच पुढे निघून गेला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला. २००५ मध्ये तो देशभर लागू झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की बाप २००५ मध्ये हयात होता की नव्हता याने मुलीच्या हक्काला बाधा येत नाही. खातेदार वारला की गाव नमुना सहा-कमध्ये वारसांची नोंद होते, तिथे लेकींची नावं येतात. मग कित्येक घरांत भाऊबीज आटोपली की हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या होतात, तो भाग वेगळा. एकाच घराची एकाच तालुक्याच्या गावात दोन चित्रं तयार होतात: महसुली नमुन्यात बहिणी आहेत, पडताळणीच्या वंशावळीत नाहीत. १८५४ मध्ये दूरच्या साहेबाने रेघ नाकारली होती. आता ती आपणच काढत नाही.

आज साचे आणखी सोपे झालेत. २०१३ मध्ये निघालेल्या 'कॅन्व्हा'वरून लग्नपत्रिकेपासून ग्रामसभेच्या फलकापर्यंत सगळं मोबाइलवर होतं. नुसतं बोलून वंशावळ काढून देणारी यंत्रंही आली. बचत गटाच्या बाया आपल्या व्यवहाराचा ओघ चित्रात मांडतात, शिक्षक पावसाच्या चक्राची आकृती दहा मिनिटांत भिंतीवर लावतात. ज्याला सरळ रेघ काढता येत नव्हती त्याच्या हातात चित्र आलं, हे या दीडशे वर्षांच्या वाटचालीचं देणं मी कमी लेखणार नाही.

फक्त जूनमध्ये लाखनीच्या, किंवा तुमच्या गावच्या, सेवा केंद्रात जाल तेव्हा आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल तशीच भरू देऊ नका. आज्याच्या बहिणीचं, बापाच्या बहिणीचं नाव सांगा आणि पोराला म्हणा, एक चौकोन वाढव. कुठलाही नियम आड येत नाही. आत्याच्या रक्ताचं नातं वडिलांकडचंच असतं, आणि ती १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी चौथीपर्यंत जरी शाळेत गेली असेल तरी तिच्या दाखल्यावरची नोंद तुमच्या लेकीच्या कामी येऊ शकते.